दोन निष्ठांमध्ये सापडलेला ठाणेदार: ग्रामीण विदर्भातली पोलिसी थरारकथा कशी लिहावी

पोलिसी थरारकथा पहिल्यांदाच लिहायला घेणाऱ्या लेखकाकडे बहुधा दोन गोष्टी आधीपासून तयार असतात: एक मृतदेह आणि रात्री एकटा बसून दारू पिणारा एक अधिकारी. त्या अधिकाऱ्याचे मन कशामुळे दुभंगले आहे, हा कथेचा खरा भाग मात्र ‘तो आतून तुटत चालला होता’ अशा वाक्यांवर सोपवला जातो आणि वाचक ती वाक्ये ओलांडून पुढे जातो. पोलिसाचे काम मुळात लिहिण्याचे आहे. ठाणे दैनंदिनी, तोंडी रिपोर्ट, घटनास्थळ पंचनामा, जप्तीनामा, जबाब, केस डायरी, दोषारोपपत्र अशी त्याच्या दिवसाची उतरंड असते. त्यामुळे त्याची निष्ठा कोणाकडे झुकली, हे त्याने काय लिहिले, काय लिहायचे टाळले आणि किती वाजता लिहिले, यावरून वाचकाला कळले पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सूत्रावर बेतलेल्या आहेत आणि सोयीसाठी एकच काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे.

पहिली पायरी: हुद्दा

कथानक सुचण्याआधी नायकाचा हुद्दा ठरवावा, कारण त्याची मुळे कुठे आहेत, त्याच्या हातात काय आहे आणि त्याच्यावर कोण दाब आणू शकतो, या तिन्ही गोष्टी हुद्द्यावरून ठरतात. शिपायांची भरती जिल्हावार होते, म्हणून शिपाई किंवा हवालदार बहुधा एकाच जिल्ह्यात सगळी नोकरी काढतो आणि त्याच्या बीटमधल्या एखाद्या गावात त्याचा साळा किंवा व्याही निघतोच. उपनिरीक्षक मात्र एमपीएससीतून किंवा खात्यांतर्गत परीक्षेतून येतो आणि त्याला सहसा स्वतःच्या जिल्ह्यात ठेवत नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात उपनिरीक्षकापासून निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी एका ठाण्यात २ वर्षे आणि एका जिल्ह्यात ४ वर्षे असा सर्वसाधारण कार्यकाळ दिला आहे, तर शिपाई-हवालदारांसाठी तो एका ठिकाणी ५ वर्षांचा आहे. अधिकारी पाहुणा आणि जमादार घरचा, ही ग्रामीण ठाण्याची मूळ मांडणी या आकड्यांत आलेली आहे, आणि ज्या लेखकाला ती कळली त्याला निम्मे कथानक फुकट मिळते.

आपल्या उदाहरणातला नायक सहायक पोलीस निरीक्षक आहे, म्हणजे बातम्यांच्या भाषेत सपोनि. लहान ग्रामीण ठाण्यांचा कारभार पुष्कळदा याच हुद्द्याकडे असतो आणि विदर्भात लोक त्याला ठाणेदारच म्हणतात. तो अकोल्याकडच्या कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरातला आहे, उपनिरीक्षक म्हणून पहिली नेमणूक गडचिरोलीच्या एका पोलीस मदत केंद्रात काढून आलेला आहे आणि आता भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी आहे. ठाण्याचे आणि गावाचे नाव काल्पनिकच ठेवावे; नदी, तालुक्याचा रस्ता, धानाची बांधी आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव मात्र खरे असावेत. खऱ्या ठाण्याचे नाव घातले की त्या वर्षी तिथे कोण प्रभारी होते हे कोणीही शोधून काढू शकतो, आणि मग अब्रुनुकसानीच्या नोटिशीला उत्तर देत बसावे लागते.

पात्रांची आडनावेही याच टप्प्यावर आणि विचार करून निवडावीत. विदर्भातल्या गावाला आडनाव ऐकताच माणसाची जात कळते, ठाण्यालाही कळते, आणि पुढे ही माहिती कथानकाच्या कामी येणार आहे.

दुसरी पायरी: दोन्ही बाजूंना न्याय्य कारण द्या

एका बाजूला कर्तव्य आणि दुसऱ्या बाजूला पैसा असेल, तर ती मोहाची कथा होते. निष्ठा दुभंगण्यासाठी दोन्ही बाजूंचे देणे खरे असावे लागते आणि दोन्ही देणी एकाच वेळी फेडता येणार नाहीत, अशी अडचण उभी करावी लागते.

उदाहरणातला जमादार मूळचा याच तालुक्यातला आहे. गडचिरोलीत भरती होऊन आंतरजिल्हा बदलीने तो आपल्या जिल्ह्यात परतला आहे. गडचिरोलीच्या जंगलात एका चकमकीनंतर जखमी झालेल्या आपल्या नायकाला त्याने पाठीवर घेऊन बाहेर काढले होते. नायक आज जिवंत आहे तो या माणसामुळे. आता हाच जमादार नदीच्या घाटावरून रेती घेऊन निघणाऱ्या प्रत्येक टिप्परमागे ‘एंट्री’ घेतो आणि ठाण्याच्या नावाने वसुली करतो. एका रात्री घाटावर पाळत ठेवणारा गावचा कोतवाल (महसूल खात्याचा गावपातळीवरचा सेवक) ट्रॅक्टरखाली सापडून मरतो, आणि त्याची बायको नायकाच्या टेबलासमोर येऊन उभी राहते. तिच्याकडे वकील नाही, ओळखीचा आमदार नाही. ठाण्यात जे लिहिले जाईल तेच तिच्या पदरी पडणार आहे.

इथे जमादाराला खलपुरुष करण्याचा मोह टाळावा. त्याने ट्रॅक्टर चालवलेला नाही, त्याला कोणाचा जीव घ्यायचा नव्हता, कदाचित त्याच रात्री त्याने घाटावर फोन करून गाड्या काढायला सांगितले होते. त्याची मुलगी नागपूरला शिकते आणि तिची फी कुठून येते हे नायकाला इतकी वर्षे माहीत होते. माहीत असूनही नायकाने कधी विचारले नाही, हा त्याचा स्वतःचा भाग झाला.

तिसरी पायरी: गुन्हा मातीतून आणि हंगामातून काढा

रात्रीच्या महानगरात शोभणारा क्रमाने खून करणारा विक्षिप्त खुनी उचलून तालुक्याच्या गावी आणून बसवला, की कथा पहिल्याच प्रकरणात परकी वाटू लागते. विदर्भाकडे स्वतःचे गुन्हे पुरेसे आहेत आणि प्रत्येकाचा हंगाम वेगळा आहे. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. गडचिरोलीत ही बंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्यामुळे जिल्ह्याच्या सीमेवरचा एखादा पूल हाच कथेचा रंगमंच होऊ शकतो, आणि वर्ष चुकले तर सगळी कथा चुकते. मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये पडते आणि तेंदूपत्ता एप्रिल-मेमध्ये तोडतात. त्या दिवसांत पहाटे जंगलात माणसे असतात, म्हणजे साक्षीदार असतात. खरिपाच्या तोंडावर चोरबीटीची, म्हणजे परवानगी नसलेल्या, तणनाशक सहन करणाऱ्या कापूस बियाण्याची, पाकिटे गावोगाव फिरतात. वणी, घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळसा आहे. हिवाळ्यात पूर्व विदर्भात मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात, अर्धे ठाणे बंदोबस्ताला जाते आणि गावाबाहेर कोंबडबाजार, म्हणजे झुंजींवरचा जुगार, भरतो.

रेती मला या विषयासाठी सर्वांत सोयीची वाटते, कारण तिच्यावर दोन खात्यांचा अंमल आहे. गौण खनिज म्हणून ती महसूल विभागाकडे येते. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार तहसीलदार दंड करतो आणि वाहन अडकवतो. तीच रेती चोरीची म्हणून पोलीस गुन्हाही दाखल करतात, आणि २०१५ पासून झोपडपट्टीदादांविरुद्धच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात वाळू तस्करही आले आहेत. दोन खाती म्हणजे दोन कुलुपे, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात दोघांनाही ‘ते काम त्यांचे’ म्हणता येते, आणि त्या मधल्या फटीत तुमच्या पात्रांना वावरायला जागा मिळते. सूर्यास्तानंतर उपशाला बंदी असते आणि पावसाळ्यात घाट बंद असतात. म्हणून मेअखेरीस साठे करण्याची घाई सुटते, आणि आपली घटना त्याच आठवड्यातली आहे. त्या दिवसांत उन्हामुळे लोक अंगणात, माडीवर झोपतात, तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज किती वाजता आला हे सांगणारे दहा जण गावात असतील. ते सांगतील का, हा पुढचा प्रश्न आहे.

चौथी पायरी: पहिली रात्र मिनिटागणिक मांडा

कादंबरीचा बाकीचा भाग तुम्ही सैल ठेवला तरी चालेल, पण पहिली रात्र कोऱ्या कागदावर वेळापत्रकासारखी लिहून काढावी. नवोदितांची हस्तलिखिते बहुतेक इथेच कोलमडतात.

समजा, रात्री ११.५० ला गावातल्या एका पोराने ११२ ला फोन केला. हा फोन तुमच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, तिथे त्याची वेळ नोंदली जाते आणि मग जवळच्या गाडीला निरोप येतो. म्हणजे घटनेची पहिली वेळ ठाणेदाराच्या हाताबाहेर नोंदली गेलेली आहे. जुन्या कथांतला ‘स्टेशन डायरीचे पान फाडणारा’ अधिकारी आता चालणार नाही, कारण बहुतेक नोंदी संगणकावर होतात आणि वेळ यंत्र टाकते. नायकाला लबाडी करायची असेल तर ती नोंद पुसून करता येत नाही, उशिरा किंवा अपुरी नोंद करून मात्र करता येते. जमादार गाडीसह घटनास्थळी १२.१५ ला पोहोचला, पण ठाणे दैनंदिनीत घटनेची नोंद १.४० ला पडली. मधला दीड तास कुठे गेला, हा प्रश्न कादंबरीभर वाचकाच्या डोक्यात राहिला पाहिजे. ट्रॅक्टर त्या दीड तासात कोणाच्या तरी गोठ्यात गेला.

त्यानंतर नायकापुढे पहिला खरा प्रसंग येतो: काय दाखल करायचे? तीन वाटा आहेत. नुसता मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यू नोंदवून शवविच्छेदनाच्या अहवालापर्यंत थांबता येते. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लावता येते. त्यात कमाल शिक्षा ५ वर्षे आहे, गुन्हा जामीनपात्र आहे आणि चालक सकाळी चहा पिऊन घरी जाऊ शकतो. किंवा कलम १०३, म्हणजे खून लावता येतो. मग अटक, २४ तासांच्या आत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजेरी, पीसीआर (पोलीस कोठडी), मोबाइलचे तपशील आणि शेवटी त्या दीड तासाचा हिशेब. नायकाने कोणता आकडा लिहिला, यावर त्याची निष्ठा त्या रात्रीपुरती ठरते. या प्रसंगात त्याच्या मनाचे वर्णन जवळजवळ करूच नये. संगणकावर बसलेला मदतनीस शिपाई ‘साहेब, कलम काय टाकू?’ असे विचारून की-बोर्डावर बोटे ठेवून थांबलेला आहे, बाहेर कोतवालाची बायको बाकावर बसली आहे, आणि जमादार मुद्दाम आत येत नाही, एवढे पुरे आहे.

कलमांबाबत एक सावधगिरी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे लागू झाले. कथेतली घटना त्याआधीची असेल तर खून ३०२ आणि निष्काळजीपणाचा मृत्यू ३०४-अ. त्यानंतरची असेल तर अनुक्रमे १०३ आणि १०६. जुन्या मुरलेल्या हवालदाराच्या तोंडी आजही ‘तीनशे दोन’ येते आणि संवादात तसे येऊ द्यावे, पण कागदावर तेच आले तर जाणकार वाचक पुस्तक मिटून ठेवतो.

बाकीची रात्रही कथेच्या कामी येते. संशयास्पद मृत्यूचे शवविच्छेदन सहसा दिवसाच्या उजेडात होते, त्यामुळे मृतदेह ग्रामीण रुग्णालयात पडून राहतो, नातेवाईक आवारात जमतात आणि पहाटेपर्यंत ‘आरोपीला अटक झाल्याशिवाय बॉडी उचलणार नाही’ ही मागणी सुरू होते. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याचा फोन येतो. त्याला शांतता हवी आहे आणि सकाळी दहापर्यंत हवी आहे. सात वर्षांपासून पुढे शिक्षा असलेल्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी यावे अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, आणि झडती-जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. म्हणजे कलम १०६ लिहिले तर पथकाला बोलवायची सक्ती नाही आणि १०३ लिहिले तर आहे. एका आकड्यामागून इतके सगळे ओढले जाते, हे ज्याला माहीत आहे त्याला योगायोगांचा आधार घ्यावा लागत नाही.

पाचवी पायरी: बोललेले आणि लिहिलेले यांतले अंतर

बोलीचा वापर हा विदर्भावर लिहिणाऱ्यांचा आवडता आणि धोक्याचा प्रांत आहे. आपला नायक वऱ्हाडी बोलत वाढला, भंडाऱ्याकडची माणसे झाडीबोली बोलतात, आणि वरिष्ठांसमोर सगळेच प्रमाण मराठीचा आधार घेतात. प्रत्येक वाक्य बोलीत लिहिले तर बाहेरचा वाचक दमतो, आणि विनोदापुरती बोली वापरली तर विदर्भातला वाचक दुखावतो, ते योग्यच आहे. माझ्या मते बोलीचा सर्वांत चांगला उपयोग तक्रार लिहून घेण्याच्या प्रसंगात होतो. कोतवालाची आई (तिचे माहेर वऱ्हाडातले आहे असे धरू) म्हणते, ‘साहेब, माया पोराले त्याईनं मारलं. दोन दिवसांपासून धमक्या देऊन रायले होते. तुमच्या जमादाराले समदं ठावं हाय.’ आणि कागदावर उमटते: ‘मी वरील ठिकाणी राहत असून मोलमजुरी करून उदरनिर्वाह करते. आज रोजी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन तोंडी रिपोर्ट देते की, माझा मुलगा हा रात्रीच्या सुमारास नदीघाटाकडे गेला असता अज्ञात वाहनाने त्यास धडक दिली.’

धमक्या गेल्या, जमादार गेला, ‘त्याईनं’ जाऊन ‘अज्ञात वाहन’ आले. शेवटी ‘माझा रिपोर्ट मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ हे ठरलेले वाक्य आणि खाली अंगठा. असा एक प्रसंग नीट जमला तर नायकाच्या द्विधा मनःस्थितीवरची चार स्वगते कापून टाकता येतील.

ही लेखनशैली अंगवळणी पडण्यासाठी खरे प्रथम खबर अहवाल वाचावेत. संवेदनशील प्रकरणे वगळून ते महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर पाहायला मिळतात, कारण ते प्रसिद्ध करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला होता. जिल्हा न्यायालयांचे निकालही ऑनलाइन असतात. निकालपत्रांत उलटतपासणीचा सारांश येतो, पंच फितूर कसा होतो हे कळते आणि तपासातली कोणती चूक पुढे आरोपीला सोडवते तेही समजते. नवोदिताने दहा थरारकथा वाचण्याऐवजी सत्र न्यायालयाचे दहा निकाल वाचावेत, असे मी आग्रहाने सांगेन; भाषा रुक्ष असते, पण माणसे खरी असतात.

सहावी पायरी: मध्यावर फाइल हातातून काढून घ्या

कादंबरीच्या मध्यभागी कथा रेंगाळते, कारण नायक जबाबांवर जबाब घेत राहतो. त्यावर उपाय म्हणून तपास त्याच्याकडून काढून घ्यावा आणि तो काढून घेण्याचे कारण त्याच्याच निर्णयातून यावे. आपला कोतवाल अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल, मारणारे तसे नसतील आणि त्यामागे जातीचा संदर्भ असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. त्याखालच्या नियमांनुसार तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. म्हणजे सपोनिने ही कलमे लावली की फाइल उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे जाते.

आता पेच पाहा. कलमे लावणे हे कोतवालाच्या घराला देणे आहे. पण लावताक्षणी जमादाराला वाचवण्याची, निदान समजून घेण्याची, कोणतीही शक्यता नायकाच्या हातात उरत नाही. आणि ज्याच्याकडे फाइल जाते तो अधिकारी घाटमालकाच्या घरच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसलेला नायकाने पाहिला आहे. प्रामाणिकपणे केलेल्या कृतीने प्रकरण अधिक अप्रामाणिक हातांत जाते. असा पेच सापडला की त्याला सोडू नये, त्यावर दोन-तीन प्रकरणे खर्च करावीत.

फाइल गेल्यावर नायक चोरून तपास करू लागतो, हे ओघाने आलेच. मात्र त्याच्या मर्यादा सांभाळाव्यात. मोबाइलचे कॉल तपशील मागवायला पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, त्यामुळे ‘सायबरमधल्या मित्राने पाच मिनिटांत सीडीआर पाठवला’ हे वाक्य लिहिण्याआधी त्या मित्राची नोकरी जाऊ शकते हे लक्षात ठेवावे; लिहायचेच असेल तर ती किंमत कथेत वसूल करावी. तसेच मारहाण करून मिळवलेला कबुलीजबाब हा कथेचा शेवट होऊ शकत नाही. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, ती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर द्यावी लागते.

त्यापेक्षा पोलीस पाटलाकडे वळावे. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला हा माणूस गावातच राहतो, मानधनावर काम करतो, ठाण्याला खबर देणे त्याचे कर्तव्य आहे आणि रोज संध्याकाळी त्याला घाटमालकाच्या दारावरूनच घरी जावे लागते. नायकाचे दुखणे लहान प्रमाणात पण कायमचे भोगणारा हा माणूस नवोदित लेखक दोन वाक्यांत संपवतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

सातवी पायरी: शेवटचा निर्णय एका फोनवर आणा

परमोच्च क्षणी गोळीबार हवाच असे नाही. ग्रामीण ठाण्यातल्या बहुतेक अधिकाऱ्यांचे पिस्तूल कमरेला किंवा कोतात (ठाण्याच्या शस्त्रागारात) राहते आणि निर्णय मोबाइलवर होतात.

एक टिप्परमालक हप्त्याला कंटाळून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो. तिथे आधी मागणीची पडताळणी होते, त्यासाठी दोन शासकीय पंच घेतले जातात, नोटांचे क्रमांक लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पावडर लावली जाते. लाच घेणाऱ्याची बोटे नंतर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. सापळ्याची खबर स्थानिक ठाण्याला देत नाहीत. पण पोलीस पाटलाने धाब्यावर अनोळखी माणसांची गाडी पाहिली आहे आणि त्याने नायकाला सहज म्हणून सांगितले आहे. जमादार अर्ध्या तासात त्याच धाब्यावर जाणार आहे. नायकाच्या हातात फोन आहे. लावला तर माणूस वाचतो, आणि तो फोन कायमचा त्याच्या नावावर नोंदला जातो; नाही लावला तर ज्याने पाठीवर वाहून आणले त्याची बोटे गुलाबी होताना पाहावी लागतात, पण त्याच अटकेतून कदाचित त्या दीड तासाचे सत्य बाहेर येईल.

दोन्ही शेवट लिहून पाहावेत आणि ज्यात लेखकाला अधिक अस्वस्थ वाटेल तो ठेवावा. परिणाम मात्र वास्तवातले असावेत: निलंबन, विभागीय चौकशी, नियंत्रण कक्षाला जोडणे, नागपूर खंडपीठात जामिनासाठी धाव, आणि खटला उभा राहीपर्यंत गेलेली वर्षे. शेवटच्या पानावर हुतात्मा होणारा नायक हा लेखकाने स्वतःची करून घेतलेली सुटका असते.

आठवी पायरी: अस्वस्थता कुठून आणायची

दारू, मेलेली बायको आणि दुःस्वप्ने या तीन गोष्टी शक्यतो वर्ज्य कराव्यात. ग्रामीण ठाण्यातल्या अधिकाऱ्याला झिजवणाऱ्या गोष्टी अधिक साध्या आहेत. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब अकोल्यात किंवा अमरावतीत ठेवलेले, स्वतः गळक्या क्वार्टरमध्ये डब्यावर. पोळ्यापासून दुर्गोत्सवापर्यंत सलग बंदोबस्त. रजेचा अर्ज परत आलेला. त्यात कथानकाला जोडणारा एक धागा घालावा. नायकाचा भाऊ गावी कपाशी लावतो आणि यंदा त्याने चोरबीटी पेरली आहे. नायकाने गेल्याच आठवड्यात त्याच बियाण्याच्या विक्रेत्याविरुद्धच्या कारवाईला मनुष्यबळ दिले. भाऊ फोनवर एवढेच म्हणतो, ‘तण काढायला मजूर भेटत नाई दादा, तू ये खुरपाले.’ नायकाच्या झोपेचे वर्णन यापुढे करण्याची गरज पडू नये.

नववी पायरी: खऱ्या प्रकरणांशी वागण्याची रीत

विदर्भात ठाण्याच्या भिंतींना इतिहास आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावरून देशभर उठलेल्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला आणि कोठडीतल्या अत्याचारासाठी वेगळी तरतूद झाली. २००६ चे खैरलांजी भंडारा जिल्ह्यातलेच आहे. लेखकाने ही प्रकरणे वाचलेली असावीत, कारण गावातली बाई ठाण्याची पायरी चढताना का थबकते हे त्यांतून कळते. पण ती उचलून, नावे बदलून, थरारासाठी वापरू नयेत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि नाव बदलून गाव, वर्ष, नाते तसेच ठेवले तर ओळख उघड होतेच. घटना रचावी, यंत्रणा खरी ठेवावी.

शेवटची पायरी: कोणाकडून वाचून घ्यावे

पहिला खर्डा तीन माणसांना द्यावा. निवृत्त जमादाराला तो देताना ‘कथा कशी वाटली’ असे विचारू नये. ‘यातला कोणता कागद या माणसाने असा लिहिला नसता?’ असे विचारावे, मग तो दोन तास बोलेल आणि त्यातले निम्मे वापरता येईल. तालुका न्यायालयात फौजदारी कामे करणाऱ्या वकिलाला पहिली रात्र आणि अटकेचे प्रकरण तेवढे वाचायला द्यावे, आणि या तपासातून आरोपी कसा सोडवशील असे विचारावे. त्याला सापडलेली भोके सगळी बुजवू नयेत, कारण जमादाराच्या वकिलाला खटल्यात त्यांची गरज लागेल. तिसरा वाचक नदीकाठच्या गावातला असावा. त्याच्याकडून घाटाचा रस्ता, रात्रीच्या आवाजांच्या वेळा, मे महिन्यातली नदीची धार आणि कोतवालाच्या घरातली बोली तपासून घ्यावी, आणि त्याने हसून सोडून दिलेल्या प्रत्येक जागेवर खूण करून ती प्रकरणे पुन्हा लिहायला घ्यावीत.